पोढी ते पोढी : जुन्नर ते नाणेघाट, सायकलवरून

नाणेघाटात मी याआधी पाच-सहा वेळा गेले होते, दर वेळी मोटारीने. पावसाळ्यात वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघायचं, भाजलेलं कणीस खायचं, घाटातलं लेणं बघायचं आणि अंधार पडायच्या आत जुन्नर गाठायचं. मधलं साधारण 30 किलोमीटरचं अंतर गप्पांत आणि डुलक्यांत सरायचं. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा आणि पुढे पैठणकडे जायचा, हे मला तोंडपाठ होतं. पण ती वाट कशी होती, कुठे दमवायची, कुठे थांबवायची, हे कधी मनातही आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. भिंतीवरचा माझा नकाशा बघत म्हणाला, "मावशी, नाणेघाटाला डांबरी टाळून जाता येईल का गं? शेतातल्या वाटांनी, सायकलने?" तो 21 वर्षांचा, मी 46. दोघांकडेही पुढे सस्पेन्शन आणि मागून कडक अशा हार्डटेल एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकली, आहेत. आमच्या सायकली तोवर पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरल्या होत्या. सकाळी दोन तास जायचं आणि न्याहारीला परत. त्याच्या प्रश्नाने मला झोप लागली नाही, हे खरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा चार फेऱ्यांमध्ये ती वाट हाती लागली. त्या चार फेऱ्यांची ही हकीकत.

सुरुवात अर्थात नकाशावर झाली. उपग्रहाच्या चित्रात शेतांमधल्या वाटा फार सोप्या दिसतात. मातकट रेघ एका वस्तीपासून निघते, ओढा ओलांडते, दुसऱ्या वस्तीला मिळते. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी जुन्नर ते नाणेघाटाच्या अलीकडचं घाटघर गाव अशी रेघेला रेघ जोडून टाकली आणि फोनमध्ये भरून घेतली. पहिल्या फेरीत ती रेघ चौथ्या किलोमीटरला संपली. गावनकाशावर पाणंद होती, पण जमिनीवर दोन्ही बाजूंच्या बांधांनी तिला खाल्लं होतं; पुढे छातीइतका ऊस. उसात शिरायचा प्रश्नच नव्हता. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका. उसात बिबटे जन्मतात, तिथेच वाढतात. सापडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. बांधावर गवत कापणाऱ्या एका काकांनी आम्हाला थांबवून स्वच्छ सांगितलं, "उजाडल्याबिगर निघू नका आन् दिवस कलायच्या आत घर गाठा. सायकलवर वाकून बसलेलं मानूस त्याला मानूस वाटत न्हाई." त्या दिवसापासून नियम ठरला : सूर्य वर आल्यावर निघायचं, साडेचारला पाय जमिनीवर. उसाच्या कडेने जाताना घंटी वाजवत, मोठ्याने बोलत जायचं. भाच्याला आधी हे जास्तीचं वाटलं. त्याच काकांनी ओल्या मातीत उमटलेला पंजा दाखवल्यावर तो काही बोलला नाही.

त्या पहिल्या फेरीत दुसरी गोष्ट कळली ती पाण्याची. आम्ही प्रत्येकी दोन बाटल्या घेऊन निघालो होतो. नोव्हेंबरचं ऊन, ते काय लागणार, असं वाटलं. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांपाशी सायकली खाली ठेवून वर जाऊन आलो, तेवढ्यात एक संपली. तुळजा लेण्यात एक चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन, आहे, गोल. मधला स्तूप आणि त्याच्याभोवती 12 अष्टकोनी खांबांचं कडं, वर घुमट. लेण्यांतली चैत्यगृहं बहुतेक लांबट, घोड्याच्या नालासारखी. हे असं गोल फार क्वचित दिसतं. भाचा खांबांच्या मागून स्तूपाला फेरी घालत होता आणि मी बाहेरच्या कातळात कोरलेल्या टाक्यात वाकून बघत होते. त्यात पाणी होतं. हिरवट, शेवाळलेलं, आमच्या उपयोगाचं नव्हे. पण नोव्हेंबरात, उघड्या कातळावर, दोन हजार वर्षांमागे खोदलेल्या टाक्यात पाणी होतं.

आपटाळ्याच्या अलीकडे आमच्या चारही बाटल्या कोरड्या झाल्या. एका घरापुढे सायकली लावल्या. ओसरीवरच्या ताईंनी कळशीच पुढे केली आणि विचारलं, "कुठं निघालात?" नाणेघाट म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग इथं भरून घ्या. फुडं चढाला पानी न्हाई." नंतर लक्षात आलं, त्यांनी एका वाक्यात सगळा रस्ता सांगितला होता. अंतर किती, वेळ किती, हे त्यांनी सांगितलं नाही. पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, एवढंच सांगितलं.

घरी आल्यावर मी नकाशा पुसला आणि पुन्हा काढला. या वेळी आधी वाटा नाही, आधी पाणी. नदी, ओढे, विहिरी, धरणाचा फुगवटा, गावातले नळ, देवळाजवळची कुंडं, लेण्यांतली आणि किल्ल्यांवरची टाकी. निळ्या पेनाने इतके ठिपके झाले की वाट आपोआप दिसू लागली.

इथे मला जुन्नरच्या शिलालेखांविषयी थोडं लिहायचं आहे, कारण त्यांच्याशिवाय ही वाट मला समजली नसती. जुन्नरच्या भोवती, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा अशा डोंगरांमध्ये 200 हून जास्त लेणी खोदलेली आहेत. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. भिक्खूंसाठी कोणी खोली दिली, कोणी चैत्य दिला. आणि अनेकांनी दिली ती पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या नाहीतर पश्चिमेकडून आलेल्या माणसाने, दोन पोढ्या दिल्याचा लेख इथे आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली, असाही आहे. हे लेख मी पूर्वी अभ्यास म्हणून वाचले होते. समुद्र ओलांडून आलेला माणूस, परक्या मुलखात पैसा मिळवतो आणि पुण्य जोडायचं ठरवतो, तर पाणी देतो. आपटाळ्याच्या ओसरीवर घशाला कोरड पडलेली असताना त्या ताईंनी कळशी पुढे केली, तेव्हा मला इरिल आठवला. तोपर्यंत तो माझ्यासाठी एका ओळीतलं नाव होता.

डिसेंबरची दुसरी फेरी चावंडपर्यंतच केली, पण मुक्कामाने. चावंडचा किल्ला चढून गेलो. वर एका ठिकाणी सात टाकी ओळीने खोदलेली आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. कठड्याशी उभं राहिलं की खाली माणिकडोह धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं आणि पश्चिमेला सह्याद्रीची कड. वरून वाट शोधणं फार सोपं असतं, हे कोणी सांगितलं असतं तर पहिली फेरी वाचली असती. गाडीवाटा कुठे खरोखर जोडलेल्या आहेत, कुठे मधे ओढ्याचा कडा आहे, कुठे गुरांच्या पायवाटा एकाच खिंडीकडे वळतात, सगळं दुर्बिणीतून वहीत उतरवलं. गुरांच्या वाटांवर माझा फार विश्वास बसला आहे. जनावर कधीही नाहक चढत नाही. जिथे तीन-चार गावांची गुरं एकाच जागेतून डोंगर ओलांडतात, तिथे सायकलही जाते.

आणखी एक गोष्ट त्या कठड्यावरून उमगली. जुन्नरहून घाटमाथ्यापर्यंत जमीन फार हळू चढते. नद्यांच्या खोऱ्यांनी जायचं, मधे एखादी खिंड, पुन्हा खोरं. आणि मग सगळी उंची कोकणाच्या बाजूला एकदम तुटते. म्हणजे लादलेल्या बैलांना खरी मेहनत एकाच जागी, घाटात. ती एकदा झाली की पुढे जुन्नरपर्यंत चालच. त्या काळच्या माणसांनी डोंगररांगेत नेमकी ती बारी शोधली, तिला फरसबंदी केली, वर पहारा आणि जकात बसवली. मी मोटारीत बसून हे शंभर वर्षांतही ओळखलं नसतं. सायकलवर पहिल्या 20 किलोमीटरांत मांड्यांना कळतं.

सायकलींविषयी थोडक्यात. टायर ट्यूबलेस करून घेतले आणि आत छिद्र बुजवणारं सीलंट भरलं, कारण जुन्नरच्या शिवारात बाभळीचा काटा आहे आणि तो ट्यूबला सोडत नाही. हवा मी 24 पीएसआयच्या आसपास ठेवते, भाचा वजनाने जास्त, तो 27. डांबरीवर हे मऊ वाटतं, पण सुट्या मुरमावर टायर जमिनीला धरून राहतो. मागे मोठ्यात मोठी चकती 46 दातांची, पुढे 32. यापेक्षा जड गिअर घेऊन ही वाट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उतारावर सीट खाली करायची, वजन मागे न्यायचं, पुढचा ब्रेक एका बोटाने आणि दाबत-सोडत. घट्ट धरून ठेवला की खडीवर पुढचं चाक निसटतं. बाकी सराव.

तिसरी फेरी जानेवारीत. ती आम्ही पूर्ण करायचीच म्हणून निघालो होतो आणि तीच मधे तुटली. निघण्याआधी आठवडाभर माझ्या सायकलीचा गिअर खालच्या तीन चकत्यांवर टकटक करत होता. एका दुकानात दाखवली. केबल ताणली, म्हणाले झालं. प्रत्यक्षात डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने चौकटीला बसतो, तो हँगर वाकलेला होता. तो मुद्दाम मऊ केलेला असतो. आपटला तर तो मोडावा, चौकट मोडू नये म्हणून. तो वाकलाय का ते मागून, चाकाच्या सरळीत डोळा लावून बघितलं तर कोणालाही दिसतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी बघितलं नाही. याचा मला आजही राग आहे, कारण एकटी असते तर त्या माळावर संध्याकाळ झाली असती.

चावंडचा चढ मी नीट चढले. खिंडीत वारा होता, थांबून गूळ-शेंगदाणे खाल्ले. पुढे पूर गावाच्या दिशेने उतार लागला आणि एका दगडाला डिरेलर घासला. कडकन आवाज, पेडल जागच्या जागी अडकलं. खाली बघते तो डिरेलर चेनला लोंबकळतोय, हँगरचे दोन तुकडे.

भाच्याने सायकल उलटी केली. मी हातरुमाल पसरून त्यावर हत्यारं मांडली : मल्टिटूल, चेन तोडायचं हत्यार, चेनची टोकं जोडायच्या दोन क्विक लिंक. आधी चेन सोडली, ती लोंबणाऱ्या डिरेलरमधून ओढून काढली, डिरेलर केबलसकट चौकटीला दोरीने बांधून टाकला. मग मागची अशी चकती निवडायची की जिच्यावर चेन पुढच्या चकतीशी सरळ रेषेत धावेल. मोठी घेतली तर चढाला बरं, पण चेन तिरकी होऊन उतरते. आम्ही मधली घेतली. चेन तिच्यावरून गुंडाळून दोन्ही टोकं जवळ आणली, किती कड्या जास्त होतात ते मोजलं. मोजताना माझे हात वंगणाने काळे झाले होते आणि मी प्रत्येक कडीवर नख टेकवून मोठ्याने आकडा म्हणत होते, भाचा मागे तेच म्हणत होता. एक कडी जास्त कापली तर सगळं संपलं. हत्याराची पिन चेनच्या पिनेवर बसवली, अर्धा फेरा, आणखी अर्धा, मग तो कचकन सुटल्याचा हलका आवाज. क्विक लिंक घातली, पेडलवर उभी राहिले, ती टक करून बसली. चेन बोटाने दाबली तर अर्धा इंच हलत होती. इतकी ढील चालते.

एका गिअरची सायकल झाली. चढ आला की उतरून चालायचं, सपाटीवर पाय भरभर. त्या दिवशी आम्ही परत फिरलो. पण फिरण्याआधी पूरच्या कुकडेश्वराला गेलोच, कारण उतार तिकडेच होता. कुकडी नदीचा उगम इथला. जुनं दगडी देऊळ, द्वारशाखेवर आणि भिंतींवर दाट कोरीव काम, आतला गारवा. कुंडाजवळ हात धुतले, वंगण निघेना. एका आजींनी चुलीतली राख आणून दिली. राखेने निघालं. परतीला चावंडच्या चढावर सायकल ढकलत असताना भाचा म्हणाला, "मावशी, बैल तरी काय करत असतील, त्यांनाही एकच गिअर." आम्ही दोघं त्यानंतर बराच वेळ गप्प चालत होतो. मी ठरवलं, यापुढे त्या सायकलीला बसणारा हँगर माझ्या पिशवीत कायम असेल. प्रत्येक चौकटीचा हँगर वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही. आता तो असतो.

चौथी फेरी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. या वेळी घाईच करायची नाही म्हणून दोन दिवस ठेवले. सकाळी साडेसातला जुन्नरमधून निघालो तेव्हा शिवनेरीवर ऊन नुकतं उतरलं होतं. गडाकडे बघून हात आपोआप जोडले जातात. 1630 साली महाराजांचा जन्म इथला. शिवजयंतीची गर्दी आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती, रस्त्याकडेला अजून भगव्या पताका होत्या.

पाडळीच्या पुढे काकांनी दाखवलेली दुसरी पाणंद घेतली. हरभरा काढणीला आला होता, घाटे वाळल्याचा वास. टोमॅटोच्या शेतात तारकाठी उभी होती. तिथून वाट ओढ्यात उतरते, दगडांवरून पलीकडे निघते, मग एका वस्तीतून अंगणाला लागून जाते. ही जागा मला नाजूक वाटते. अंगण हा रस्ता नाही. आम्ही दर वेळी उतरून, विचारून, चालत गेलो. दर वेळी "जा की" हेच उत्तर आलं, आणि दोनदा ताक मिळालं. ज्यांना ही वाट करायची असेल त्यांनी इथे सायकलवरून उतरावंच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा कोणी भरधाव गेलं, पोरं-कोंबड्या घाबरल्या, की फाटक लागेल आणि ते योग्यच असेल.

आपटाळ्याला त्याच ओसरीवर बाटल्या भरल्या. या वेळी प्रत्येकी तीन लिटर. चढ मातीच्या वाटेने केला. डांबरीपेक्षा अंतर जास्त, पण झाडी आहे. चावंडच्या पुढे मुलूख बदलतो. ऊस, द्राक्ष, टोमॅटो मागे राहतात. भाताची खाचरं सुरू होतात, कापणी होऊन मोकळी पडलेली, पायऱ्या-पायऱ्यांची. ही वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. त्यांच्यात पडकईची रीत आहे : गावाने मिळून एकेकाच्या उतारावर दगडमातीचे बांध घालायचे आणि खाचरं काढायची. उपग्रहाच्या नकाशावर हे बांध पायवाटेसारखेच दिसतात, आणि मी पहिल्या आराखड्यात दोन ठिकाणी सायकल बांधावरूनच काढली होती. जागेवर जाऊन हाताने बांध चाचपला आणि ती रेघ खोडली. टायरच्या एका चाकोरीतून पहिल्या पावसात पाणी फुटतं आणि बांध जातो. खाचरांच्या कडेने लांबून वळसा घेतला. मोठा आहे, उन्हाचा आहे. तोच ठेवला.

एका वस्तीवर सारवलेल्या खळ्यात काहीतरी काळंहिरवं पसरलं होतं. बाळहिरडा. झाडावर फळ कोवळं असतानाच काढायचं, वाळवायचं, काळं आणि आक्रसलेलं झालं की विकायचं. इथल्या कितीतरी घरांना वर्षाचा रोख पैसा यातून मिळतो. तिथल्या आजी हाताने तो हिरडा उलटापालटा करत होत्या. मी एक उचलून दाताखाली धरला. आधी जीभ आखडते, इतका तुरट. मग पाणी प्यायलं की तेच पाणी गोड लागतं. आजी म्हणाल्या, "लांब जायचं आसंल तं तोंडात धरायचा. तहान मरती." त्यांनी चार हिरडे माझ्या हातावर ठेवले. पुढचे दोन तास मी पाण्याला हात लावला नाही.

घाटघरला चारच्या आधी पोहोचलो. समोर जीवधन आणि त्याला चिकटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. आमच्या मीटरवर दिवसाचे 38 किलोमीटर झाले होते, त्यातले डांबरी जेमतेम 9. एका घरी मुक्काम सांगून ठेवला होता. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. जेवताना पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नाणेघाट. वर दगडी रांजण आहे, जकात टाकण्यासाठी होता असं सांगतात. सायकली रांजणापासून लांबच ठेवल्या. घाटाच्या पायऱ्या आणि फरसबंदी यांवरून सायकल उतरवण्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. ती फरसबंदी दोन हजार वर्षं बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेली आहे, तिच्यावर दातेरी टायर आणि ब्रेक घासायचा मला काहीही हक्क नाही. आम्ही पायी उतरलो.

लेण्यात आम्ही दोघंच होतो. डाव्या-उजव्या भिंतींवर सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानला जाणारा ब्राह्मी लेख. 1828 साली कर्नल साइक्सने या लेण्याची नोंद केली. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन, मग यज्ञांची आणि दक्षिणांची यादी : 1,700 गायी, 10 हत्ती, कार्षापण नाण्यांचे मोठमोठे आकडे. हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकांत लिहिले आहेत. भारतातल्या सर्वात जुन्या कोरीव अंकांपैकी हे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, कुमार आणि महारठी. आता वर कोरलेली नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. भाचा त्या पावलांपुढे उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मी लेण्यालगतच्या टाक्यांकडे गेले. वाटेतल्या पोढ्यांतली ही शेवटची. किंवा कोकणातून येणाऱ्यांची पहिली. अवघड घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला जिथे पाणी लागतं, नेमक्या त्या जागी ती आहेत. माझ्या नकाशावर या टाक्यांपासून जुन्नरपर्यंत निळे ठिपके होते. कुकडेश्वर, चावंड, आपटाळे, तुळजा, शिवनेरी. दोन ठिपक्यांमधलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त, पण लादलेलं जनावर चालेल इतकंच निघालं. आम्ही वाट शोधली असं चार महिने म्हणत होतो.

परत घाटघरला आल्यावर निघण्याआधी घरमालक दादांना नकाशा दाखवला. कुठे चुकलंय का, विचारलं. त्यांनी तो दारातल्या उजेडात धरला, आडवा केला, पुन्हा उभा केला. वाटेवरून बोट फिरवत आले आणि चावंडच्या अलीकडे, जिथे मी "पाणी नाही" असं लिहिलं होतं तिथे थांबले.

"हे खोडा," ते म्हणाले. "हितं वाटंच्या वर, करवंदीच्या जाळीमागं कातळात टाकं हाय. आमचा म्हातारा बैलं घेऊन जायचा तवा तिथंच सोडायचा. होळीपातुर पानी असतंय."

मी निळं पेन काढलं.